गादीखालची टाकी

नाशिकहून समुद्राकडे निघालेली माणसं टोपी, चपला आणि चिवड्याची पिशवी नेतात. मी संडासाची टाकी नेली. नवी कोरी, पांढरी, दोरीने टेम्पोला बांधलेली. हे प्रवासवर्णन त्या टाकीचं आहे आणि तिच्या आधीच्या टाकीचंही. ती आधीची टाकी मी केली होती.

सातपूरला माझा टाक्यांचा कारखाना आहे. वाइनरीला लागणाऱ्या, दूध साठवायच्या, द्राक्षाच्या फवारणीच्या, सगळ्या स्टेनलेस स्टीलच्या. तीस वर्षं हेच केलं आणि चांगलं केलं. माझ्या टाकीतलं दूध नासलं असं कोणी म्हटलेलं नाही. त्यामुळे माझ्या सुनंदाताईच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, बोट बांधायला घेतली तेव्हा तिची टाकी मीच करणार हे न बोलता ठरलं होतं.

दाजी ओझरच्या विमान कारखान्यात पत्राकाम करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओझरच्याच एका गोडाऊनमध्ये पाच वर्षं खपून शिडाची बोट बांधली. प्लायवूड, वरून फायबर, तीस फूट लांब. ती ट्रेलरवर चढवून कसारा घाटातून खाली उतरवली तेव्हा रस्त्यावरची माणसं फोन काढून उभी होती. बोट रेवदंड्याच्या खाडीत राहते. मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, दोघांनीच, असं ताई-दाजींचं ठरलं होतं.

बोटीवरच्या संडासातलं सगळं खाडीत सोडायचं नाही. ते एका टाकीत साठतं, आणि दूर समुद्रात गेल्यावर किंवा किनाऱ्यावर नेऊन ती टाकी रिकामी करतात. दाजींनी ती जागा काढली नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या खोलीत, झोपायच्या गादीच्या खाली. मार्चमध्ये ताई पहिल्यांदा लांबच्या सफरीला गेली. तिसऱ्या दिवशी गादीखालून वास यायला लागला. टाकी गळत होती. शेजारच्या कप्प्यात आईच्या दोन लुगड्यांची गोधडी होती, ती भिजली. ताईने ती हर्णैच्या किनाऱ्यावर जाळली आणि एसटी पकडून नाशिकला परत आली.

भाऊबीज, नाशिक

गंगापूर रोडला ताईच्या फ्लॅटमध्ये मी पाटावर बसलो होतो. तिने ओवाळलं आणि मी पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"विल्या, मला एकच दे. ती बोट विकायला ह्यांना मदत कर. गिऱ्हाईक बघ."

"दाजी विकायला तयार आहेत?"

"तेच म्हणतायत. आठ महिने झाले, चार वेळा पाइप काढून बसवले, तरी गळतं. परवा स्वयंपाकघरात बसून स्वतःचे हात बघत होते. म्हणाले, आता हात राहिले नाहीत माझे, एक जोड धड बसत नाही." ताईने निरांजन खाली ठेवलं. "मीही काय कमी बोललेय का? गोधडी गेली तेव्हा मीच ह्यांना म्हणाले होते, तुमच्या हाताला आता धरबंध नाही."

दाजींचे हात. विमानाच्या पंखात रिव्हेट मारणारे हात. ते हात ठीक होते. मला माहीत होतं, कारण टाकी का गळते हेही मला माहीत होतं. दाजींनी सांगितलेला पत्रा ३१६ नंबरचा होता. खाऱ्या पाण्याला त्यातल्या त्यात तोच टिकतो. तो माझ्याकडे त्या आठवड्यात नव्हता. एका वाइनरीच्या कामातला ३०४ चा तुकडा कोपऱ्यात उभा होता. दिसायला दोन्ही सारखे, चुंबक लावून कळत नाही. दाजींना बोटीचं डेक बंद करायचं होतं, घाई होती. मी ३०४ ची टाकी केली आणि ३१६ म्हणून दिली. द्राक्षाचा रस जिथे राहतो तिथे हे का राहणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. समुद्राचं पाणी आणि माणसाचं मूत्र एकत्र आल्यावर वेल्डिंगच्या कडेने पोलाद कसं खातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मार्चनंतर मी ते वाचलं. आणि वाचल्यावरही दाजींना फोनवर म्हणालो, "क्लॅम्प बघा दाजी, पाइपाचे क्लॅम्प."

आठ महिने मी हेच म्हणत राहिलो.

त्या पाटावर बसून मी ताईला म्हणालो, "विकायची नाही. मी नवी टाकी करून आणतो. स्वतः बसवून देतो." बाकीचं बोललो नाही.

गुरुवार, सातपूर ते रेवदंडा

नवी टाकी पोलादाची नाही. ती केली दगूभाऊने. दगूभाऊ मूळचा सटाण्याचा, माझ्या शेडच्या मागच्या गल्लीत धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांना प्लॅस्टिकच्या टाक्या वेल्ड करून देतो, ज्यात आम्ल भरून ठेवतात. इतकी वर्षं मी त्याला मनात 'बादल्या करणारा' म्हणत आलो. ह्या वेळी मीच त्याच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. दाजींनी पुठ्ठा कापून पाठवलेलं माप घेऊन.

"शेठ, आम्ल राहतं हिच्यात. तुमचं हे काय चीज शे?" तो गरम हवेच्या बंदुकीने जोड भरत म्हणाला. "हिला गंजायला काही शेच नाही."

टाकी दोन दिवस पाण्याने भरून, खाली वर्तमानपत्र पसरून ठेवली. कागद कोरडा राहिला. मग दगूभाऊ म्हणाला, "मी बी येतो. समुद्र अजून बघेल नाही मी." आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन टेम्पोत बसला.

वाटेतलं सांगण्यासारखं एकच. पनवेलच्या पुढे एका पोलिसाने गाडी अडवली आणि टाकीवर हात ठेवून विचारलं, "पिण्याच्या पाण्याची का?"

"नाही साहेब, संडासाची," दगूभाऊ म्हणाला.

साहेबांनी हात काढला, पँटला पुसला आणि आम्हाला जायला सांगितलं. टाकी नवी आहे हे सांगायची संधीच मिळाली नाही.

रेवदंड्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती. मला समुद्र म्हणजे निळं पाणी एवढंच ठाऊक. इथे खाडी रिकामी झालेली, मैलभर करडा चिखल, त्यात खेकड्यांची भोकं. आमच्याकडे गोदावरी वाढते ती धरणातून पाणी सोडल्यावर, आधी भोंगा वाजतो, लोक पुलावर बघायला जातात. इथे दिवसातून दोनदा पाणी येतं आणि जातं आणि कोणी मान वर करून बघत नाही. दाजींची बोट त्या चिखलात ताठ उभी होती. तिला तळाशी दोन पट्ट्या आहेत, त्यांवर ती पाय रोवल्यासारखी उभी राहते.

दाजी शिडीवरून उतरले. आठ महिन्यांत वाळले होते. दगूभाऊला त्यांनी हात जोडले, टाकीवर बोटाची पेरं वाजवली, जोडावरून नख फिरवलं.

"सरळ आहे," ते म्हणाले. दाजींच्या तोंडून एवढं ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट असते. दगूभाऊला ते कळलं नाही, तो समुद्र कुठे आहे असं विचारत होता.

आमची जेवायची सोय धक्क्याजवळ राहणाऱ्या हिराबाईंकडे होती. त्यांचे दोन मुलगे मासेमारीला जातात. ताटात तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि कच्चा कांदा आला. दगूभाऊने कांदा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "हा आमच्याकडचा दिसतो."

"सगलाच तुमचा, घाटावरल्यांनो?" हिराबाई म्हणाल्या. "बोंबिल तरी आमचा म्हना."

मी त्यांना विचारलं की त्यांच्या होड्यांवर अशी टाकी असते का. त्या हसल्या. "आमच्या होडीला संडास नाय. रात्रीचं जायचं नि सकाली यायचं. पन ही बोट खाडीत उभी र्‍हाते, आमची पोरं थितंच पवतात. तुमच्या दाजींनी टाकी लावली, ते बरं केलं." मग माझ्या ताटात आणखी कालवण घालत म्हणाल्या, "गलकी लावली, ते तेवडं बरं नाय केलं."

दाजींनी मान खाली घातली. मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

शुक्रवार, ओहोटीत

बोटीवर काम करायचं तर पाणी उतरलेलं असताना, कारण तेव्हा ती डुलत नाही. सकाळी चहा झाला आणि आम्ही नाळेकडच्या खोलीत शिरलो. शिरलो म्हणजे गुडघ्यांवर गेलो. दोन माणसं मावतात, तिसऱ्याने पाय बाहेर काढून ठेवायचे.

टाकी आधी रिकामी करायची होती. नाशिकच्या घरात मी पूर्वी साखळी ओढायचो, आता बटण दाबतो, आणि त्या क्षणापासून तो माझा प्रश्न राहत नाही. पुढे ते नाल्यात जातं, कुठल्या वळणाने नदीला मिळतं, ह्याचा विचार मी कधी केला नव्हता. इथे तळाशी उरलेलं पंपाने कॅनमध्ये काढलं, आणि एकेक कॅन छातीशी धरून, चिखलातून, हिराबाईंच्या परवानगीने त्यांच्या संडासात नेऊन ओतला. सहा खेपा झाल्या. चौथ्या खेपेला उजवा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि चप्पल खाली राहिली. कॅन मात्र पडू दिला नाही. सहाही खेपा मीच केल्या. दगूभाऊ मदतीला आला तर त्याला हाकललं.

"शेठ, नवस आहे का काही?" त्याने विचारलं.

मग टाकी दोनदा धुतली. मग कळलं की ती बाहेर निघणार नाही. दाजींनी ती डेक बंद करण्याआधी आत ठेवली होती आणि बोट तिच्याभोवती पूर्ण केली होती. दार टाकीपेक्षा अरुंद. ग्राइंडर चालवायचा नाही, आत गॅस राहिलेला असू शकतो आणि ठिणगी पडली तर लाकडाची बोट. राहिली करवत. लोखंड कापायची, हाताने.

अडीच तास आम्ही आळीपाळीने कापलं. मी ज्या पत्र्याला मन लावून वेल्डिंग केलं होतं तोच पत्रा मी पालथा पडून कापत होतो. टाकीचे दोन तुकडे झाले तसे आम्ही ते बाहेर काढून चिखलात उन्हाला धरले. तळाच्या जोडाच्या दोन्ही कडांनी चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके होते. दगूभाऊने एक तुकडा डोळ्यासमोर धरला. पाच-सहा ठिकाणी उजेड दिसत होता.

दाजी चष्मा वर करून बघत राहिले. "३१६ इतक्या लवकर जायला नको," ते म्हणाले. "माझंच चुकलं असणार. क्लॅम्पमधून गळून बाहेर साचलं असेल, त्याने बाहेरून खाल्लं."

खाल्लेलं आतून होतं. पत्राकाम करणाऱ्या कोणालाही ते दिसलं असतं. दाजींनाही एरवी दिसलं असतं. पण आठ महिन्यांत त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास गेला होता. दगूभाऊने माझ्याकडे पाहिलं. तुकडा त्याने खाली ठेवला, ठिपक्यांची बाजू माझ्याकडे करून.

नवी टाकी दारातून बरोबर गेली. खाली वर्तमानपत्र पसरलं, सातपूरहून आणलेलंच. ताठ झालेले पाइप गरम पाण्यात बुडवून मऊ केले, तोंडांवर चढवले आणि प्रत्येकाला दोन-दोन क्लॅम्प लावले. एक क्लॅम्प दाजी आवळत होते. दर फेऱ्याला ते जोड बोटांनी चाचपून बघत होते. मध्येच थांबून ते म्हणाले, "तू आवळ रे विलास. माझा भरवसा नाही."

मी आवळला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात घट्ट क्लॅम्प असेल तो.

शुक्रवार दुपार, वही

भरती सुरू झाली होती. बोट जागची हलली, एकदा कुरकुरली आणि तरंगायला लागली. दगूभाऊने दोन्ही हातांनी खांब धरला.

दाजींनी जाड पुठ्ठ्याची वही काढली. बोटीवर काहीही बसवलं, काढलं, बदललं की त्यात लिहायचं, ही विमान कारखान्याची शिस्त त्यांनी बोटीला लावली आहे. रकाने आखलेले: काम, माल, कोणी केलं, कोणी तपासलं. करणारा आणि तपासणारा कधीही एकच नसतो. कारखान्यात तसं झालं तर विमान उडत नाही.

"जुनी काढली ते आधी लिहू," दाजी म्हणाले, आणि त्यांनी मागचं पान उघडलं.

माझं अक्षर होतं. 'मलमूत्राची टाकी. स्टेनलेस ३१६.' पुढे 'केलं' ह्या रकान्यात माझी सही. आणि त्याच्या पुढे, 'तपासलं' ह्या रकान्यातही माझीच सही. मला आठवलं, दाजी तेव्हा म्हणाले होते, तुझ्या कामाला मी काय तपासणार, घरचा माणूस तू, दोन्हीकडे कर सही. अख्ख्या वहीत तशी ती एकच ओळ होती.

मनात अजून एक पळवाट होती, तीही लिहितो. ३१६ असता तरी तो कायमचा टिकला नसता. पोलादाची टाकी ह्या कामाला मुळातच चुकीची. मी एवढंच म्हणालो असतो की दाजी, दोघांचंही चुकलं, मालच चुकीचा निवडला, तर ते खोटं ठरलं नसतं. आणि दाजी ते मान्य करून, मान आणखी खाली घालून बसले असते.

"दाजी," मी म्हणालो, "हे ३१६ नाही. ३०४ आहे. माझ्याकडे तेव्हा ३१६ नव्हता. तुम्हाला सांगितलं नाही. मार्चपासून मला माहीत आहे की टाकीच गळतेय. तुमचे पाइप पहिल्या दिवसापासून बरोबर होते."

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चार वेळा काढले मी ते पाइप," ते म्हणाले. "चार वेळा, विलास. तू फोनवर होतास."

"हो."

"सुनंदा मला काय काय म्हणाली, तुला सांगत होतो मी. तेव्हाही तू क्लॅम्प म्हणालास."

"हो."

त्यांनी पेन माझ्यापुढे टाकलं. "एक रेघ मार. एकच. खोडून काळं करायचं नाही, चुकलेलं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिही आणि सही कर."

मी ३१६ वर एक रेघ मारली. वर ३०४ लिहिलं. सही केली. मग त्यांनी पेन घेतलं आणि 'तपासलं' मधल्या माझ्या सहीवर स्वतः एक रेघ मारली. "हे माझं. नातं बघून सही घेतली मी."

दगूभाऊ खांब न सोडता म्हणाला, "आमच्याकडं बी तसंच, दाजी. पाव्हण्याकडून बैल आणला तर दात नाही बघत. मग तो नांगराला बसतो खाली."

दाजींनी दोन्ही हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले.

"म्हणजे हे ठीक आहेत," ते म्हणाले. माझ्याशी नाही, हातांशी.

मग फोन माझ्या हातात दिला. "आता तिला तू सांग."

मी सांगितलं. सगळं, वहीपर्यंत.

"आठ महिने मी त्या माणसाला बोलले," ताई म्हणाली. "गोधडीवरून बोलले. तू भाऊबीजेला माझ्यासमोर बसून करंज्या खाल्ल्यास."

"चूक झाली ताई."

"चूक दिसतेच आहे. आता ऐक. टाकी भरायची. पाण्याने नाही, वापरून. आणि त्या गादीवर तू झोपायचंस, तीन रात्री, छतातली हवेची झडप बंद करून. सोमवारी मी येते. माझं नाक काय म्हणतं ते बघू, मग बोटीचं ठरेल. ह्यांना दे फोन."

दाजी फोन घेऊन डेकवर गेले. बराच वेळ वरून बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही. एकदा दाजी हसल्यासारखे वाटले.

सोमवार, भरती

दगूभाऊ शनिवारी सुक्या बोंबलांचं पुडकं घेऊन एसटीने गेला. समुद्र त्याला आवडला, पण "जागेवर राहत नाही" एवढी तक्रार होती. दाजी आणि मी राहिलो. पहिल्या दिवशी ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिडाच्या गाठी शिकवल्या, चुकली की हातातून दोर काढून घ्यायचे आणि परत द्यायचे. मी केलेल्या चुकीबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. टाकी मी प्रामाणिकपणे भरली, त्याबद्दल एवढंच पुरे. तीन रात्री मी त्या गादीवर झोपलो, आणि झोप चांगली लागली. मार्चपासून लागली नव्हती.

ताई रात्रीच्या एसटीने सकाळी आली. पाणी धक्क्याला टेकलं होतं. साडी खोचलेली, हातात एक बॅग, माझ्याकडे न बघता बोटीवर चढली आणि सरळ नाळेकडे गेली. झडप बंदच होती. आत जाऊन तिने दारही लावून घेतलं. दाजी आणि मी बाहेर बाकावर, शाळेतल्या मुलांसारखे.

दार उघडलं. "वास येतोय," ती म्हणाली.

दाजी उठून उभे राहिले.

"पायांचा. विल्या, तीन दिवसांत पाय धुतलेस का?"

मग तिने गादी उचलली, कप्प्यात वाकून टाकीच्या खालून वर्तमानपत्र ओढून काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. दोन्ही बाजू पाहिल्या. नाकाला लावलं. मग मोठ्याने वाचायला लागली. लासलगावच्या बाजारात कांद्याची आवक वाढली, शेतकरी नाराज, व्यापाऱ्यांची बैठक. अर्धा रकाना वाचला. कुठेही शाई पसरली नव्हती, एक अक्षर पुसलं नव्हतं.

"वही कुठाय?" ती म्हणाली.

दाजींनी वही उघडून दिली. नव्या टाकीची ओळ होती. माल: प्लॅस्टिक, जाड, दगूभाऊचा. केलं: दगू आणि विलास. 'तपासलं' चा रकाना तीन दिवस रिकामा ठेवला होता. तिने आधी मागचं पान उलटून त्या दोन रेघा पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या. मग पुढच्या पानावर, रिकाम्या रकान्यात, शाळेत शिकवताना फळ्यावर लिहायची त्या गोल अक्षरात पूर्ण नाव लिहून सही केली.

पेन बंद करून तिने बॅग उचलली आणि दाजींच्या हातात दिली.

"ही पुढच्या खोलीत ठेवा," ती म्हणाली. "आणि विल्याला धक्क्यावर सोडा. पाणी उतरायच्या आत निघायचंय ना आपल्याला?"